पट्ट्याविना खेळांच्या वर्गासाठी तुमचा कुत्रा तयार आहे का? नागपूरच्या श्वानपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली आणि पहाटे अंगावर स्वेटर चढला की नागपुरात कुत्र्यांच्या खेळांची विचारणा सुरू होते. कुणी मोबाइलवर बोगद्यातून सुसाट निघणारा बॉर्डर कोली पाहिलेला असतो, कुणाचा लॅब्राडोर दिवसभर सोफ्यावरून उड्या मारून थकत नाही. बहुतेकांचा पहिला प्रश्न फीचा आणि वेळेचा असतो. हे वर्ग आम्ही चालवतो, आणि आमचा पहिला प्रश्न कुत्र्याबद्दल असतो: समोर दुसरा कुत्रा धावत असताना तुम्ही हाक मारली, तर तो काय करेल? त्या एका प्रश्नाभोवती फिरणारी उत्तरं फोनवर आणि मैदानाच्या फाटकापाशी नेहमी द्यावी लागतात, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत.

पट्ट्याविना खेळ म्हणजे नेमके कोणते?

मुख्यतः अ‍ॅजिलिटी. त्यात अडथळ्यांची वाट मांडलेली असते: उडीच्या आडव्या दांड्या, बोगदा, टायर, उभ्या काठ्यांमधून नागमोडी पळणं, दोन्ही बाजूंनी उतार असलेली ए-फ्रेम, उंच फळी आणि सी-सॉ. पुढचा अडथळा कोणता हे कुत्र्याला माहीत नसतं. माणूस बाजूने धावत आवाजाने आणि अंगाच्या वळणाने ते सांगतो. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला वेळ भरायला, घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून बेतून हा खेळ पहिल्यांदा दाखवला गेला. फ्लायबॉल हा दुसरा खेळ. चार कुत्र्यांचा संघ असतो, प्रत्येकाने चार अडथळे ओलांडायचे, टोकाच्या पेटीवर पंजा मारायचा, उडालेला चेंडू तोंडात धरायचा आणि तसंच परत यायचं. मग पुढचा कुत्रा सुटतो.

या खेळांत पट्टा का नसतो, याचं कारण साधं आहे. पट्टा काठीत किंवा सी-सॉच्या फटीत अडकला तर कुत्र्याच्या मानेला झटका बसतो. त्यामुळे पट्टा सोडणं ही या खेळातली गरज आहे, कुत्र्याला दिलेलं बक्षीस नाही. स्पर्धेत तर हातात खाऊ किंवा खेळणंही चालत नाही. तुमच्यात आणि त्याच्यात जे काही कमावलेलं असतं तेवढंच मैदानात उरतं.

आमचा कुत्रा घरी सगळं ऐकतो. मग तो तयार आहे ना?

घरी ऐकतो ही चांगली सुरुवात आहे, पण त्यावरून मैदानातलं काही सांगता येत नाही. कुत्रा शब्द शिकतो तेव्हा तो शब्द, ती जागा, तुमची उभं राहण्याची ढब, हातातला डबा हे सगळं एकत्रच शिकतो. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी ‘बस’ म्हटल्यावर बसणारा शेरू धरमपेठेच्या फुटपाथवर तोच शब्द ऐकून तुमच्याकडे बघतही नाही, यात त्याचा हट्ट नसतो. घरी पाढे घडाघडा म्हणणारं पोर गॅदरिंगच्या स्टेजवर गप्प होतं, तसंच हे. तो शब्द त्या जागेत त्याला अजून शिकवलेलाच नसतो.

वर्गात तर ओळखीचं काहीच नसतं. नवं मैदान, नव्या कुत्र्यांचा वास, फळीवर पंजे आपटल्याचा धडधड आवाज, भुंकणं, आणि सगळीकडे पळणं. पळणारी वस्तू पाहून अंगात वीज भरणं हा कुत्र्याचा स्वभावच आहे, आणि खेळाला तीच वीज लागते. म्हणून तयारीचा अर्थ ‘शांत कुत्रा’ असा आम्ही घेत नाही. अंगात वीज भरलेली असतानाही ज्याच्या कानापर्यंत तुमचा आवाज पोचतो, तो कुत्रा तयार.

मग ही तयारी आम्हाला स्वतःला तपासता येईल का?

येईल, आणि वर्गात येण्याआधी ती जरूर तपासावी. त्यासाठी छातीला बसणारा हार्नेस आणि साधारण १० मीटरची लांब दोरी घ्या. दोरी गळपट्ट्याला बांधू नका, पळता पळता शेवटाशी झटका बसला तर मानेला इजा होते. मनगटाला गुंडाळू नका, लॅब्राडोर जोरात सुटला तर मोठा माणूसही तोंडावर आपटतो. घराजवळचं असं मैदान निवडा जिथे तुम्ही रोज जात नाही.

आल्या आल्या काहीच सांगू नका. पाच मिनिटं त्याला हुंगू द्या. मग त्याच्या आवडीचा खाऊ पुढे करा. घरी ज्याच्यासाठी तो नाचतो तो उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याने इथे हुंगूनही पाहिला नाही किंवा तोंडात घेऊन टाकून दिला, तर चाचणी तिथेच थांबवा. खाऊ नाकारणारा कुत्रा एक तर फार घाबरलेला असतो, नाही तर फार उत्तेजित. दोन्ही अवस्थांत शिकणं होत नाही. ही खूण सोपी आहे आणि सहसा फसवत नाही, पण लोक नेमकी तीच दुर्लक्षित करतात, ‘पोट भरलं असेल’ म्हणून सोडून देतात.

खाऊ घेतला तर पुढे जा. तो जमिनीवर काहीतरी हुंगत असताना एकदाच नाव घ्या. एकदाच, हे महत्त्वाचं आहे. ‘मोती, मोती, अरे मोती ये ना’ असं झालं की तुम्ही त्याला पहिल्या दोन हाका सोडून द्यायला शिकवता. एका हाकेला मान वळली आणि पाय तुमच्याकडे निघाले, तर ते उत्तर. दोरी ओढून आणलेलं येणं मोजायचं नाही.

मग अंतर वाढवा, आणि शेवटी मित्राला त्याचा कुत्रा पट्ट्यावर घेऊन बऱ्याच अंतरावरून, समजा ३० मीटरवरून, चालायला सांगा. तुमचा कुत्रा बघेल, कान उभे करेल, ते स्वाभाविक आहे. बघून झाल्यावर तो तुमच्याकडे परत वळतो का, ते पाहा. नुसत्या नजरेने वळला तरी चालेल. मित्राला त्याच्या कुत्र्यासोबत थोडं पळायला सांगा आणि तेव्हा हाक मारा. शेवटची पायरी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: कुत्र्याला दोन मिनिटं जोरात खेळवा, दोरीने ओढाओढी करा, आणि एकदम थांबा. एक-दोन मिनिटांत त्याचा श्वास उतरून तो तुमच्याजवळ उभा राहू किंवा बसू शकतो का? चढणं प्रत्येक कुत्र्याला येतं, उतरणं शिकवावं लागतं.

आमचा अंदाजाचा माप असा: वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी, १० हाकांपैकी ९ वेळा तो पहिल्याच हाकेला आला, तर वर्गात येऊन बघायला हरकत नाही. ५ वेळा आला तर दोरी अजून सोडायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बोलावलं की जवळ येतो, पण हात लावायला गेलं की पळतो. काय करावं?

हा प्रश्न फार घरांत आहे आणि त्याची मुळं माणसाच्या सवयीत असतात. विचार करा, आपण कुत्र्याला हाक कधी मारतो? खेळ संपवायला. आंघोळ घालायला. नखं कापायला. कानात औषध टाकायला. सोसायटीच्या गच्चीवर मजेत धावत असताना ‘चल घरी’ म्हणून. हाकेनंतर प्रत्येक वेळी मजा संपत असेल तर हुशार कुत्रा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर थांबेलच.

हे बदलायला वेळ लागतो, पण बदलतं. दिवसात अनेकदा, काही काम नसताना, हाक मारा. आला की गळपट्टा हलकेच धरा, खाऊ द्या, आणि लगेच ‘जा’ म्हणून सोडून द्या. क्रम असाच हवा: आधी हात, मग खाऊ. उलटं केलं तर तो खाऊ घेऊन मागे सरकायला शिकतो. आंघोळीसाठी किंवा औषधासाठी हाक मारू नका, स्वतः उठून त्याच्याजवळ जा. आणि जुना शब्द फारच बिघडला असेल, म्हणजे ‘ये’ म्हटलं की तो उलट दिशेला बघत असेल, तर नवा शब्द घ्या आणि तो फक्त चांगल्या गोष्टींसाठी राखून ठेवा.

उशिरा आला म्हणून रागावू नका. तो दहा मिनिटांनी आला तरी त्याच्या लेखी मार बसला तो येण्याबद्दल. मैदानात पाठलाग तर अजिबात नको, तुम्ही मागे धावलात की तो तुम्हाला आपल्या खेळात घेतो. उलट दिशेने पळा, खाली बसा, गमतीचा आवाज काढा.

आम्ही घरी ट्रेनर लावला होता, तीन महिने. त्याचं सगळं ऐकत होता. तरी पुन्हा शिकवायचं?

हो, पण यावेळी तुम्हाला. कुत्रा ट्रेनरशी काम करायला शिकला, तुमच्याशी नाही. नागपुरात अनेक घरांत ट्रेनर सकाळी येतो, अर्धा तास कुत्र्याला फिरवून आज्ञा घेतो आणि जातो. घरचे गॅलरीतून बघतात. त्या कुत्र्याला ‘बस’ कळतं, पण ते शर्टाच्या एका रंगाशी आणि एका आवाजाशी बांधलेलं असतं. खेळात धावणार तुम्ही, वळणार तुम्ही. म्हणून जो मैदानात उतरणार त्यानेच रोज सराव करावा. घरातलं कॉलेजचं पोरगं वर्गात येणार असेल तर सकाळचा डबाही त्यालाच द्यायला सांगा.

‘सोडलं की शांत होतो, पट्ट्यावर असला की भुंकतो.’ म्हणजे पट्टा काढलेलाच बरा ना?

या प्रश्नावर आम्ही कुणाचंही मन राखत नाही, कारण इथे दुसऱ्याचा कुत्रा किंवा दुसऱ्याचं मूल जखमी होऊ शकतं.

पट्ट्यावर भुंकणाऱ्या कुत्र्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार दिसतात. एकाला दुसऱ्या कुत्र्याकडे जायचंच असतं आणि जाता येत नाही म्हणून तो चिडतो. त्याचं अंग सैल असतं, शेपटी रुंद हलते, मधेच पुढचे पाय टेकून ढुंगण वर करून खेळायला बोलावतो. दुसऱ्याला समोरचा दूर जायला हवा असतो. त्याचं अंग ताठ, वजन पुढे झुकलेलं किंवा एकदम मागे, तोंड बंद, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, मानेवरचे केस उभे. शेपटी त्याचीही हलते, पण उंच आणि आखडलेली. ‘शेपटी हलवतो म्हणजे प्रेमळ आहे’ हा समज सोडून द्यावा.

पहिल्या प्रकारच्या कुत्र्याला सोडलं की भुंकणं थांबतं हे खरं, पण त्यातून तो एवढंच शिकतो की भुंकलं, ओढलं की मिळतं. दुसऱ्याला सोडलं तर पुढे काय होईल याची हमी कुणी देऊ नये. दोघांसाठीही आधी एकट्याचं काम असतं: असं अंतर शोधायचं जिथून तो दुसऱ्या कुत्र्याला पाहू शकतो आणि खाऊही खाऊ शकतो, आणि ते अंतर आठवड्याआठवड्याने कमी करायचं. ज्या कुत्र्याने माणसाला किंवा कुत्र्याला चावून जखम केली आहे त्याची माहिती नोंदणीच्या वेळी आम्हाला द्या. लपवू नका. त्याच्यासाठी दार बंद होत नाही, तोंडाला जाळीची टोपली घालायची सवय लावून एकेकट्याने अडथळे शिकवता येतात आणि अशी कुत्री त्यात खुलतात. पण मोकळ्या गटात ती येत नाहीत.

आमचा तर सगळ्यांशी मैत्री करतो. त्याला काय अडचण?

त्याची अडचण वेगळी आहे, पण आहे. मैदानभर प्रत्येकाला भेटत सुटणारा गोल्डन रिट्रीव्हर कुणाला काही करत नाही, पण समोरचा कुत्रा भित्रा असेल तर त्याची महिन्यांची मेहनत अर्ध्या मिनिटात वाया जाते. फळीवर चढलेल्या कुत्र्याच्या अंगावर असा मित्र धावून आला तर तो वरून पडतो. ‘काही करत नाही हो तो’ हे वाक्य मैदानात चालत नाही. मैत्रीचं वेड असलेल्या कुत्र्याने आधी हे शिकायचं की बाकीची कुत्री म्हणजे झाडांसारखी पार्श्वभूमी आहे आणि खरी मजा आपल्या माणसाकडे आहे.

घाबरट कुत्र्याने यावं का?

यावं, बहुतेकदा खूप फायदा होतो, पण पट्टा सर्वात शेवटी सुटतो. भ्यालेला कुत्रा दिशा न बघता पळतो, घराकडेही पळत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके ज्याने ऐकलेत त्याला माहीत आहे, की त्या दिवसांत हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर किती फिरतात. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यांत आणखी एक धोका असतो, नायलॉन मांजा. बंदी असूनही तो मैदानात, झाडांत अडकलेला सापडतो आणि पळत्या कुत्र्याचा पंजा किंवा जीभ कापतो. त्या काळात आम्ही सराव सुरू करण्याआधी मैदान पायी फिरून पाहतो. तुम्हीही तुमच्या जागी तसंच करा.

भित्र्या कुत्र्याला सी-सॉवर ढकलायचं नाही, ओढायचं नाही, वरून उचलून ठेवायचं नाही. फळीचा आवाज हीच त्याची खरी परीक्षा असते. जमिनीला टेकलेल्या फळीवर एक पंजा ठेवला तर तिथेच त्या दिवसाचा सराव संपला.

पिल्लू किती महिन्यांचं असताना आणावं?

लसी पूर्ण झाल्या की पायाभूत वर्गात आणा, उड्यांच्या वर्गात नको. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ भाग असतो. तो बंद होऊन हाड पक्कं होईपर्यंत उंच उड्या, ए-फ्रेमवरून जोरात उतरणं आणि काठ्यांमधून सतत वळणं टाळायचं. लहान जातींत हे वर्षाच्या आसपास होतं, मोठ्या जातींत दीड वर्ष लागतं, ग्रेट डेनसारख्यांना आणखी थांबावं लागतं. स्पर्धांचे नियमही हेच धरून आहेत. एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अ‍ॅजिलिटी स्पर्धेत कुत्रा किमान १८ महिन्यांचा लागतो, अमेरिकन केनेल क्लबकडे १५ महिन्यांचा.

पण ते वर्ष रिकामं जात नाही. हाकेला येणं, थांबणं, जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून पाय मोजत चालणं, आखूड सरळ बोगदा, डगमगत्या पाटावर उभं राहणं, दुसऱ्या कुत्र्याच्या शेजारी चटईवर पडून राहणं. पुढे जी कुत्री चमकतात ती बहुतेक या कंटाळवाण्या वर्षातच घडलेली असतात.

गावठी कुत्रा चालेल का? की जातिवंतच हवा?

चालेल म्हणजे काय, आवर्जून आणा. आपला देशी कुत्रा अंगाने सडपातळ, सांध्यांनी मजबूत, वळायला चपळ आणि उन्हाला इतरांपेक्षा सरावलेला. अ‍ॅजिलिटीसाठी हे शरीर उत्तम आहे. त्याची खरी कसोटी दुसरीकडे असते. रस्त्यावर जगलेल्या कुत्र्याला जमिनीवरचं अन्न सोडणं जिवावर येतं, कारण कधीकाळी त्यावरच पोट होतं. आजूबाजूची चाहूल घेत राहणं त्याच्या अंगातच असतं. तो तुमच्याकडे बघत नाही तेव्हा बेफिकीर नसतो, पहाऱ्यावर असतो. त्याला जागेची ओळख व्हायला जास्त वेळ द्या. ‘सोड’ हा शब्द हाकेइतकाच पक्का करा. आणि खूप वेळा एकच गोष्ट करून घेऊ नका, दोनदा बरोबर केल्यावर तिसऱ्यांदा का करायचं असा प्रश्न त्याला पडतो आणि तो योग्यच आहे.

कारवान, पश्मी, मुधोळ ही आपल्याकडची शिकारी कुत्री नजरेने शिकार धरणारी. ससा किंवा मांजर दिसलं की कान बंद. यांच्यासाठी चारही बाजूंनी उंच कुंपण असल्याशिवाय दोरी सोडू नये, हाक कितीही पक्की असली तरी. पग, बुलडॉग, शिट्झू अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांनी कमी उंचीच्या, लहान फेऱ्या थंडीच्या पहाटेच कराव्यात. त्यांना श्वासाने अंग थंड करणंच कठीण जातं.

डॉक्टरांकडून काय तपासून घ्यावं?

रेबीज, डिस्टेंपर-पार्वो आणि लेप्टोच्या लसी चालू असाव्यात. नोंदीचं पुस्तक पहिल्या दिवशी आम्ही पाहतो.

वजनाबद्दल लोक दुखावतात, तरी सांगावंच लागतं. बरगड्यांवरून हलका हात फिरवल्यावर त्या बोटांना लागायला हव्यात, वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी. घरात प्रत्येकाच्या ताटातून अर्धी पोळी खाणारा लॅब्राडोर उडी मारतो तेव्हा सगळं वजन पुढच्या पायांवर आदळतं. आधी वजन उतरवा, उड्या पळून जात नाहीत.

जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, रॉटवायलर असेल तर खुब्यांचा एक्स-रे काढण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. पॉमेरेनियन आणि इतर लहान कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकते. पळता पळता मागचा एक पाय दोन-चार पावलं उचलून धरतो आणि परत टेकतो, हे गमतीने बघण्यासारखं नाही. नखं वाढलेली असतील तर पंजा जमिनीवर नीट बसत नाही. आणि पावसाळ्यानंतर गोचिडांची तपासणी: आपल्या भागात गोचीडताप नेहमीचा आहे. कुत्रा मलूल आहे, हिरड्या फिक्या आहेत, खाणं कमी झालंय, तर ‘आज्ञा पाळत नाही’ म्हणण्याआधी रक्त तपासा. सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुत्र्यांचा दवाखाना आहे, नाही तर तुमचे नेहमीचे डॉक्टर.

कालपर्यंत आनंदाने उडी मारणारा कुत्रा आज दांडीपाशी थांबला, तर पहिला संशय दुखण्याचा घ्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात वर्ग चालतात का?

मार्चच्या मध्यापासून मैदानातलं काम पहाटेपुरतं उरतं, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उड्या-धावणं पूर्ण बंद. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांत तर सूर्य मावळल्यावरही जमीन तासन् तास तापलेली असते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. खेळाच्या नादात तो स्वतःहून थांबत नाही, थांबवायचं काम तुमचं. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सहन झाली नाही तर त्याच्या पंजालाही होणार नाही. जुलै-ऑगस्टचा दमट उकाडाही फसवा असतो, पारा कमी दिसतो पण धापेने अंग निवत नाही.

जीभ रुंद बाहेर लोंबणं, लाळ चिकट होणं, हिरड्या लालभडक, चाल झोकांडणं, ही उष्माघाताची लक्षणं आहेत. सावलीत न्या, अंगावर लगेच भरपूर पाणी ओता, वारा घाला, आणि मग दवाखाना गाठा. पाणी टाकायच्या आधी गाडी काढण्यात वेळ घालवू नका.

उन्हाळा घरात कामी लावा: थांबणं, चटईवर पडणं, वास शोधणं, मागचे पाय कुठे पडतात याची जाण. गुळगुळीत टाइल्सवर मात्र पळवू नका.

सराव कुठे करावा? अंबाझरी, फुटाळ्याला सोडलं तर चालेल?

दोरीशिवाय नाही. तलावाकाठी सकाळी चालणारी माणसं, लहान मुलं, मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या, सगळं एकत्र असतं, आणि मोकाट टोळीच्या हद्दीत शिरलेल्या पाळीव कुत्र्याचं काय होतं ते सांगायला नको. सेमिनरी हिल्स, गोरेवाड्याच्या बाजूला मोर आणि साप आहेत. शहरातल्या मैदानांवर पार्टीनंतर फेकलेली सावजीची हाडं ही माझ्या मते सर्वात मोठी कटकट. शिजलेलं हाड फुटून घशात, आतड्यात रुततं. ‘सोड’ हा शब्द याच मैदानांवर, दोरी लावून पक्का करावा, सराव आयता मिळतो.

आपल्या लेआउटमधला कुंपणाचा रिकामा प्लॉट, नातेवाइकांचं हिंगणा किंवा काटोल रोडकडचं तारेचं कुंपण असलेलं शेत, या जागा चांगल्या. जायच्या आधी कुंपणाला खालून भोक नाही ना ते बघा.

शॉक देणारा गळपट्टा लावला तर लवकर शिकेल का?

नको. आम्ही तो वर्गात येऊ देत नाही, काट्यांचा आणि गळा आवळणारा पट्टाही नाही. झटका बसला तेव्हा त्याच्या नजरेसमोर जो होता, दुसरा कुत्रा, एखादं मूल, त्याच्याशी तो वेदना जोडतो. शिवाय खेळात कुत्र्याने आपणहून, आनंदाने वेग घ्यायचा असतो. दुखण्याच्या भीतीने तो वेग येत नाही.

मादी माजावर आली असेल तर?

साधारण तीन आठवडे गटात आणू नका. तिची फी आणि जागा राखून ठेवतो.

वर्गात पट्टा नक्की कधी सुटतो?

पहिल्या दिवशी कुणाचाच नाही. कुत्री एकेक करून मैदानात येतात, बाकीची बाहेर पडद्याआड चटईवर. आधी दोरी तुमच्या हातात, मग दोरी जमिनीवर घसटत, मग आखूड तुकडा लटकलेला, मग काहीच नाही. एका वेळी एकच कुत्रा मोकळा असतो आणि फाटक बंद असतं. दोन कुत्री एकत्र मोकळी सोडण्याची वेळ अनेक आठवड्यांनी येते, काहींची येतच नाही, आणि अ‍ॅजिलिटीत त्यावाचून काही अडतही नाही.

दर वर्गात एखादा पालक विचारतो, ‘आज माझा मैदानात येऊन ऐकूनच नाही राहिला, काऊन?’ कधी कारण मैदानाबाहेर असतं: येताना गाडीत उलटी झाली, फाटकाशी मोकाट कुत्रा अंगावर आला, रात्री लग्नाचा बॅण्ड वाजला. छोटे छोटे ताण एकावर एक साचतात. अशा दिवशी दोरी परत लावायची, दोन सोप्या गोष्टी करायच्या, घरी जायचं.

तुम्ही ‘अजून तयार नाही’ म्हणालात तर आमची फी गेली का?

नाही. त्याला पट्ट्यावरच्या पायाभूत वर्गात जागा देतो, तीच फी तिकडे वळते. काय कमी आहे ते आम्ही नेमकं सांगतो: अंतर, खाऊ घेणं, दुसऱ्या कुत्र्यांजवळची शांतता, की तुमच्या हाकेची सवय. सहा ते आठ आठवड्यांनी परत बघतो. काही कुत्री वर्षभर त्याच वर्गात राहतात आणि वासाच्या खेळात रमतात, ज्याला पट्टा सोडावाच लागत नाही. म्हातारी, सांधे दुखणारी, फार संवेदनशील कुत्री तिथे खरोखर सुखी दिसतात. त्यांच्या पालकांनाही पुढे ‘बिनपट्ट्याचं कधी’ असं विचारावंसं वाटत नाही.

पहिल्या दिवशी सोबत काय आणावं?

छातीचा हार्नेस, साधा दोन मीटरचा पट्टा, १० मीटरची दोरी, पाण्याची बाटली आणि वाटी, त्याची रोजची चटई, लसींचं पुस्तक. खाऊ मऊ आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान: उकडलेलं चिकन, पनीर, अंडं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नको. वर्गाआधी तीन तास पोटभर जेवण देऊ नका, फाटकापाशी येण्याआधी एकदा शी-शू उरकून घ्या, आणि गाडी लावल्यावर कुत्र्याला आतच ठेवून आधी तुम्ही एकटे येऊन भेटा. गाडीत दुसरं कुणीतरी त्याच्याजवळ बसलेलं असू द्या.